तरावीहनंतरची सायकल

शाबान महिन्याच्या शेवटी रक्ताचा रिपोर्ट हातात पडला. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ७.२ होता. डॉक्टर आमच्या ओळखीचे. म्हणाले, "सर, रोजे ठेवायला मी अडवत नाही. पण गोळी चुकवायची नाही आणि रोज अर्धा तास व्यायाम हवा. रमजान संपल्यावर नाही, आतापासून."

आता रमजानमध्ये अर्धा तास काढायचा कुठून? सहरी, फजर, तासभर डुलकी, मग कॉलेज. दुपारी ऊन आणि घसा कोरडा. इफ्तारनंतर ईशा आणि तरावीह. मशिदीतून घरी येईपर्यंत दहा वाजतात. त्या वेळी आमच्या कॉलनीच्या रस्त्यावर निम्मे दिवे बंद असतात आणि कुत्र्यांची सभा भरलेली असते. दोन दिवस चाललो, तिसऱ्या दिवशी धावत घरी आलो. व्यायाम झाला, पण तसा नको होता.

माझा एक विद्यार्थी सायकलिंग करतो. त्याने सुचवलं, "सर, घरात सायकल असेल तर ट्रेनर लावा." ट्रेनर म्हणजे लोखंडी स्टँड. त्यात सायकलचं मागचं चाक जमिनीपासून थोडं वर उचलून एक्सलला दोन्ही बाजूंनी पकडतात. टायर एका रुळाला टेकतो. पेडल मारलं की चाक फिरतं, रूळ त्याला विरोध करतो आणि सायकल जागेवरच राहते.

घरात अब्बांची काळी सायकल होती. बावीस इंची फ्रेम, मागे कॅरिअर, पूर्ण चेनकव्हर. तीस वर्षं ते तिच्यावरून शाळेत शिकवायला गेले. मनात आलं, हिच्यावरच व्यायाम करू. घाईघाईत ऑनलाइन एक स्वस्त ट्रेनर मागवला आणि तिथेच फसलो. चाकाचं माप जमत होतं, पण या सायकलींत स्टँड, कॅरिअर आणि मडगार्डच्या पट्ट्या सगळ्या मागच्या एक्सलच्याच नटांवर कसलेल्या असतात. ट्रेनरच्या वाट्यांना पकडायला एक्सलचं टोकच मोकळं सापडेना. आमचा सायकलमिस्त्री म्हणाला, "सर, सगळं काढून बसवता येईल. पण मग ती अब्बांची सायकल राहील का?" मी ट्रेनर परत केला.

या फजितीतून पहिला धडा मिळाला. आधी सायकल बघायची, ट्रेनर नंतर. मागचं चाक किती इंची, एक्सलला नट आहे की हाताने उघडणारी क्विक रिलीज, टायर गुळगुळीत आहे की जाड नक्षीचा, हे कागदावर लिहून मगच दुकानात जायचं. बहुतेक ट्रेनर २६ ते २९ इंची चाकांसाठी असतात, म्हणजे लहान मुलांच्या सायकली त्यात बसत नाहीत. शेवटी मुलीची २६ इंची गिअरची सायकल कामी आली. तिला क्विक रिलीज होतीच. ट्रेनरसोबत येणारी पोलादी कांडी त्या जागी घातली आणि सायकल घट्ट बसली.

दुकानदाराने चार प्रकार दाखवले. पहिला नुसत्या रोलर्सचा. तीन रुळांवर सायकल मोकळी ठेवायची आणि तोल सांभाळत चालवायची. शर्यतीतल्या खेळाडूंना ते उत्तम. चाळिशीतल्या प्राध्यापकाने उपाशी शरीराने तो खेळ करू नये. दुसरा चुंबकी ट्रेनर. यात विरोध कमी-जास्त करायला हँडलवर लावायची कळ असते. किंमत सर्वांत आवाक्यातली, काही हजारांत मिळतो. तिसरा फ्लुइड. यात द्रव भरलेला असतो. जितकं जोरात पेडल माराल तितका विरोध आपोआप वाढतो. चाल रस्त्यासारखी वाटते, पण किंमत जास्त. चौथा डायरेक्ट ड्राइव्ह. यात मागचं चाकच काढून सायकलची चेन थेट यंत्राच्या दात्यांवर चढवतात. आवाज कमी, टायरची झीज नाही, मोबाइलला जोडला तर पडद्यावर चढ-उतारही दिसतात. पण त्या पैशांत आमच्या घरची ईद दोनदा होईल. वाऱ्याच्या पंख्यावर चालणारा पाचवा प्रकारही असतो. तो खूप आवाज करतो म्हणून दुकानदाराने दाखवलाच नाही.

मी चुंबकी घेतला. अर्धा तास घाम गाळायला तो पुरतो. पण आवाजाचा विचार करायला मी विसरलोच होतो.

दुसऱ्याच सकाळी खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटले. दुग्ध विभागातून निवृत्त झालेले, साडेनऊला झोपणारे. "सर, रात्री वर पिठाची गिरणी सुरू केलीत का?" चेहरा हसरा होता, पण डोळे जागरणाचे होते. मला ओशाळल्यासारखं झालं. आपल्या इबादतीच्या महिन्यात शेजाऱ्याची झोप मोडायची, हे कोणत्या हिशेबात बसतं?

काका वर आले, कान लावून यंत्र पाहिलं. आम्ही दोघांनी मिळून तीन गोष्टी बदलल्या. सायकलचा जाड नक्षीचा टायर रुळावर घरघर करत होता. मागे गुळगुळीत टायर चढवला. निम्मा आवाज तिथेच गेला. सायकल काकांच्या झोपायच्या खोलीच्या बरोबर वर होती, ती स्वयंपाकघराच्या बाजूला हलवली. आणि काकांनी ओळखीच्या गोठेवाल्याकडून गाईंच्या पायाखाली घालतात तसल्या जाड रबरी मॅटचा एक तुकडा आणून दिला. कंप मॅटमध्ये जिरतो, घामाने फरशी निसरडी होत नाही. दुकानातली खास मॅट घ्यायची गरजच पडली नाही.

रोज चालवताना आणखी काही गोष्टी कळल्या. बसण्यापूर्वी टायरमध्ये हवा रोज सारखीच हवी. रूळ इतका आवळायचा की हाताने चाक झटकलं तर टायर घसरू नये. मागचं चाक उचललेलं असतं, म्हणून पुढच्या चाकाखाली ठोकळा ठेवायचा, नाहीतर सगळा भार मनगटांवर येतो. सीटची उंची अशी हवी की पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. आणि पंखा समोर हवाच. रस्त्यावर वारा लागतो, घरात तो लागत नाही, त्यामुळे घाम दुप्पट वाटतो. संपल्यावर सायकल पुसून ठेवायची, घामाच्या मिठाने लोखंड गंजतं.

रोजा असताना आणखी सांभाळावं लागतं. दिवसा घाम काढायचा नाही, गेलेलं पाणी मगरिबपर्यंत भरून निघत नाही. मी तरावीहनंतर वीस मिनिटं चालवतो, शेजारी पाण्याची बाटली ठेवून. वेग इतकाच की बोलता येईल, गाता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम हवा. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या रमजानविषयक सूचनांत तर तरावीहसुद्धा व्यायामातच धरली आहे. म्हणजे माझा निम्मा हिशेब मशिदीतच पूर्ण होतो.

त्याच सूचनांत आणखी एक गोष्ट स्पष्ट आहे. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा. बोटातून थेंबभर रक्त काढून तपासल्याने रोजा तुटत नाही. हे अनेकांना माहीत नसतं आणि ते चक्कर येईपर्यंत थांबतात. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी चालू असलेल्यांनी व्यायामाची वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.

घेण्यापूर्वी आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा : घरात यावर कोण कोण बसणार? मी माझ्यापुरता घेतला होता. आता असरपूर्वी मुलगी दहा मिनिटं बसते, आणि रात्री माझ्या आधी तिची अम्मी. "रस्त्यावर फिरायला गेले तर चार जणी हटकतात. इथे कुणी विचारत नाही," असं ती म्हणाली. त्या दिवशी ट्रेनरचे पैसे वसूल झाले.

अब्बांची सायकल पुन्हा जिन्याखाली उभी आहे, मी तिच्या चेनला तेल घातलं. रमजाननंतर रक्त पुन्हा तपासायचं आहे. काकांना मात्र वेगळीच काळजी लागली आहे. परवा म्हणाले, "साखरेचं तुमचं तुम्ही बघा सर. ईदचा शीरखुर्मा मात्र कमी गोड करू नका. मॅट माझी आहे."