ओसरीवरचा कप

आमच्या सुलतानबाजारातील गाण्याच्या वर्गात तंबोरे जुळेपर्यंत मुलांची क्रिकेटवर एक फेरी होतेच. परवा मी बाळू पालवणकरांचे नाव काढले, तर एकालाही ठाऊक नव्हते!

चांभार समाजातले बाळू पुण्यात साहेबांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर मैदानाची राखण करीत, सरावासाठी त्यांना चेंडू टाकीत. त्यांचा डावखुरा हात पाहून हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले, तेही बऱ्याच वादावादीनंतर. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सगळे झेलीत; चहाच्या वेळी मात्र मंडळी आत, आणि बाळू बाहेर, मातीचे वेगळे भांडे घेऊन. चेंडू विटाळत नसे, कप विटाळे!

१९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना हरविले, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ च्या विलायतेच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. कर्णधारपद मात्र त्यांना दिले गेले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल ह्यांच्याकडे आले, आणि तेही सहजी नव्हे.

त्याच काळात दूर क्यूबा बेटावर बेसबॉलचे असेच चालले होते. १९०८ साली होसे मेंदेस ह्या काळ्या गोलंदाजाने हवानात सिनसिनाटीच्या बड्या अमेरिकन संघाला एकही धाव काढू दिली नाही. तरी अमेरिकेतील बड्या संघांची दारे त्याला बंदच राहिली. त्याच सिनसिनाटीने पुढे आदोल्फो लुके हा क्यूबनच खेळविला. तो गोरा होता, एवढेच. ती दारे १९४७ साली जॅकी रॉबिन्सनसाठी उघडली. मेंदेस १९२८ सालीच वारला होता.

हे सांगताना माझी जीभ जरा अडखळली. आमचे वडील दरबारी गवई. त्यांच्या साथीच्या तबल्याला पुडी चढवायला एक वृद्ध कारागीर घरी येत. चामडे तेच कमावीत, वाद्या तेच ओढीत. स्वराला लागला की वडील 'वाहवा' म्हणत आणि तबला थेट देवघराशेजारी नेऊन ठेवीत. काकांचा चहा मात्र ओसरीवर. दांडी तुटलेला कप ते स्वतः विसळून कोनाड्यात पालथा घालीत.

मी तो कप किती वर्षे पाहिला! वडिलांना एकदाही विचारले नाही. काकांचे नावसुद्धा मला ठाऊक नाही.