गेम चांगला की वाईट?

दिवाळीत बुऱ्हाणपूरला ताईकडे गेलो, तर घरात एकच वाद. ताई म्हणे, "मोबाइलवरच्या गेमने याचं डोकं बधिर झालंय." आठवीतला भाचा म्हणे, "उलट मी चपळ झालोय, मामा! विज्ञान प्रकल्पात हेच सिद्ध करणार आहे."

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. विचारलं, "सिद्ध करणार की तपासणार?" तो बघतच राहिला.

'चांगला की वाईट' हे पट्टीने मोजता येत नाही. म्हणून आधी प्रश्न लहान केला. त्याच्या हिंदी पुस्तकातली 'परिकल्पना', म्हणजे आपलं गृहीतक, असं ठरलं: 'वीस मिनिटं रेसिंगचा गेम खेळल्यावर वरून सोडलेली पट्टी लवकर पकडता येते.' हे वाक्य खोटंही ठरू शकतं, म्हणूनच ते कामाचं.

मग चल निवडले. आपण मुद्दाम बदलतो ते स्वतंत्र चल, म्हणजे गेम. मोजतो ते अवलंबी चल, म्हणजे पट्टी किती सेंटिमीटर घसरल्यावर चिमटीत आली. 20 सेंटिमीटर म्हणजे साधारण 0.20 सेकंद, 15 म्हणजे 0.17. बाकी सगळं सारखं ठेवायचं: तीच पट्टी, तोच हात, तोच गेम, तीच वेळ. मागच्या गल्लीतले पॉवरलूम दिवाळीमुळे बंद होते, त्यामुळे खटखटाटाचाही प्रश्न नव्हता.

"पण मामा, पट्टी पकडून पकडूनही सराव होईल ना?" भाच्याने बरोबर दुखतं बोट पकडलं. म्हणून शेजारच्या दहा मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एक गेम खेळला, दुसऱ्याने तेवढाच वेळ गोष्टीचं पुस्तक वाचलं. अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठातल्या ग्रीन आणि बावेलियर यांनी 2003 मध्ये छापलेल्या प्रयोगातही एका गटाला दहा दिवस रोज तासभर मारधाडीचा गेम दिला होता, दुसऱ्याला टेट्रिस. पहिल्या गटाचं नजरेचं अवधान जास्त सुधारलं. त्यांनी मोजलं ते तेवढंच, परीक्षेतले गुण नव्हे.

आमचे दोन्ही गट मात्र जवळपास सारखेच सुधारले. भाच्याचा चेहरा उतरला. हळूच म्हणाला, "दोघांचे आकडे खोडले तर माझंच खरं ठरतं."

मी त्याला माझी गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला माझा प्रोग्राम पास होईल अशाच चाचण्या मी लिहिल्या होत्या. चूक शेवटी ग्राहकाला सापडली, आणि रात्र जागून ती मलाच निस्तरावी लागली.

त्याने खोडरबर बाजूला ठेवलं. वहीत लिहिलं: गृहीतक खरं ठरलं नाही, मुलं दहाच होती.

ताईने ते वाचलं. "म्हणजे गेमने फायदा नाही. मी म्हणत नव्हते?"

"आई, डोकं बधिर होतं हेही यात कुठे दिसलं? ते वेगळं गृहीतक आहे!"

ताई हसली. पुढच्या सुट्टीत तिचं गृहीतक तपासायचं ठरलंय.