सिद्धतेचे पाठांतर

भूमितीचे प्रमेय घडाघडा म्हणून दाखविणारा विद्यार्थी, परीक्षेत आकृतीची अक्षरे बदलताच अडखळतो, हा अनुभव मराठी घरांना नवा नाही. वडीलमंडळी अशा वेळी दोहोंपैकी एक निवाडा देतात : पाठांतर कमी पडले, किंवा पाठांतर केले हेच मुळी चुकले. वस्तुतः दोष पाठांतराचा नसतो. काय पाठ करावे आणि त्याची उजळणी केव्हा करावी, या दोन गोष्टींकडे झालेल्या दुर्लक्षाचा तो दोष होय.

यांपैकी ‘केव्हा’ या प्रश्नाचे उत्तर तुलनेने सोपे आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून विस्मरणाचे मोजमाप केले व ते १८८५ साली प्रसिद्ध केले. विस्मरण आरंभी झपाट्याने होते व पुढे त्याचा वेग मंदावतो, असे त्याला आढळले. एका बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा अनेक दिवसांत विभागलेली उजळणी अधिक फलदायी असते, हेही त्याने दाखविले. २००६ साली रॉडिगर व कार्पिके या अमेरिकन संशोधकांच्या प्रयोगात, उतारा पुनःपुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत सरस ठरले. परंतु आठवड्यानंतर पुस्तक मिटून आठवण्याचा सराव केलेल्यांनी त्यांना मागे टाकले.

याच तत्त्वावर सेबास्टियन लाइटनर याने १९७२ साली आपल्या पुस्तकात कप्प्यांच्या पेटीची युक्ती सांगितली. पुठ्ठ्याच्या कार्डावर एका बाजूस प्रश्न व दुसऱ्या बाजूस उत्तर लिहावे. उत्तर बिनचूक आले की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते व अधिक दिवसांनी हाती येते. चुकले की पुन्हा पहिल्या कप्प्यात. उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, आठवड्याने, पंधरवड्याने, महिन्याने, अशी लांबत जाते. हा हिशेब आता संगणकावर व मोबाइलवर ‘अंकी’सारखी साधने ठेवतात; तथापि बुटांचे रिकामे खोकेही या कामास पुरते.

आता ‘काय’ हा अवघड प्रश्न. पावकी-निमकीसाठी दोन बाजूंचे एक कार्ड पुरेसे आहे. सिद्धता मात्र तशी सुटी वस्तू नव्हे. ती एक वाट आहे. मुंबईहून पेणमार्गे येणारा रस्ता रायगड जिल्ह्यात वडखळला फुटतो. एक फाटा पोयनाडवरून अलिबागला जातो, दुसरा नागोठणे, कोलाड करीत महाडकडे. वाटेतला प्रत्येक मैलाचा दगड पाठ असलेला प्रवासीही या नाक्यावर चुकू शकेल. परंतु येथे कोठे व का वळावयाचे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला दगड मोजण्याची गरज उरत नाही. प्रत्येक सिद्धतेत असे एखाद-दुसरे नाके असते. कार्ड लिहावयाचे ते त्या नाक्यावर.

मूळ संख्या अनंत आहेत, हे युक्लिडचे प्रमेय उदाहरणादाखल पाहण्याजोगे आहे. मूळ संख्या मोजक्याच आहेत असे क्षणभर धरावे. त्या सर्वांचा गुणाकार करून त्यात १ मिळवावा. या नव्या संख्येला यादीतील कोणत्याही मूळ संख्येने भागले तरी बाकी १ उरते. परंतु १ हून मोठ्या प्रत्येक पूर्ण संख्येला मूळ विभाजक असतोच. म्हणजे यादीबाहेरची एक तरी मूळ संख्या असलीच पाहिजे, आणि आरंभीचे गृहीत कोसळते.

ही सिद्धता एकाच कार्डावर उतरविली, तर ती पोपटपंचीच होईल. त्याऐवजी निरनिराळी कार्डे करावीत. पहिल्यावर : प्रमेय नेमके काय सांगते? दुसऱ्यावर : पहिले पाऊल कोणते? तिसऱ्यावर : १ ऐवजी २ मिळविले तर काय बिघडते? गुणाकारात २ आहेच, त्यामुळे बेरीज सम होते, २ ने भाग जातो आणि युक्तिवाद ढासळतो. चौथ्यावर : नवी संख्या स्वतः मूळ असते काय? असेलच असे नाही; २×३×५×७×११×१३+१ = ३००३१, आणि ही संख्या ५९×५०९ इतकी आहे. पाचव्या कार्डावर एवढीच आज्ञा असावी : संपूर्ण सिद्धता कोऱ्या कागदावर, निराळी अक्षरे घेऊन लिहावी. लेखणी जेथे थबकेल, ते नाके अद्याप कच्चे आहे असे समजून तेथे आणखी एक कार्ड करावे.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळले पाहिजे. सिद्धता समजण्यापूर्वी कार्ड करू नये. न समजलेल्या वाक्याची नियमित उजळणी अज्ञानच पक्के करते. नवी सिद्धता शोधण्याची प्रतिभाही कार्डांतून मिळणार नाही. जुन्या युक्त्या ऐन वेळी हाताशी राहाव्यात, एवढेच त्यांचे काम. परंतु ते थोडे नव्हे. हाताशी काहीच नसेल, तर विचार तरी कशाचा करावयाचा?

वडखळ ज्या पेण तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील गागोदे गावी १८९५ साली विनोबा भावे जन्मले. त्यांचे गणितप्रेम प्रसिद्ध आहे, आणि संतवचनांचा विपुल साठा त्यांना मुखोद्गत होता. पाठांतर आणि विचार एकाच बुद्धीत सुखाने नांदतात, याला याहून जवळचा दाखला शोधावयास नको. मुलाने प्रमेय पाठ म्हणून दाखविले की घरच्यांनी त्याला शाबासकी अवश्य द्यावी. मात्र त्यापाठोपाठ ‘हे असेच का?’ हा प्रश्नही विचारावा, आणि तोच आठवड्याने पुन्हा विचारावा.