टायपिंगचे पैसे संपले, तपासणीचे सुरू झाले!



"एआय आलं, आता कॉम्प्युटर ऑपरेटरचं काय?" हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पडलाय. आज त्याचं सरळ उत्तर बघू.

आपल्याकडे ऑफिसच्या कामाची ओळख म्हणजे मराठी 30, इंग्रजी 40. सरकारी क्लर्क-टायपिस्टच्या भरतीत ही अट आहेच. पण नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं आणि बाहेरच्या कामाचं गणित बदललं. मोबाईलला मराठीत सांगितलं की पत्र तयार. मग पानामागे पैसे कोण देईल?

पण ऑफिस सांभाळणं म्हणजे नुसतं टायपिंग नव्हे. आपल्या वरूड तालुक्यातलंच उदाहरण घ्या. शेंदुरजना घाटला संत्रा कलमांच्या नर्सऱ्या आहेत. हंगामात नर्सरीवाल्याने कलमं बघायची, की व्हॉट्सॲपवर भाव सांगत बसायचं? मध्य प्रदेशची हद्द जवळ, म्हणजे हिंदीतही बोलावं लागतं. इथे तुमचा धंदा उभा राहू शकतो.

एआयला द्यायची कामं
- मराठी-हिंदी उत्तराचा मसुदा
- कोटेशन
- मेसेजमधून नाव, गाव, कलमांची संख्या काढून यादी
- उधारीच्या आठवणीचा मेसेज

स्वतःकडे ठेवायची कामं
- प्रत्येक आकडा तपासणं
- ॲडव्हान्स खरंच खात्यात आला का, ते बघणं
- गाडीची तारीख मालकाला विचारूनच गिऱ्हाइकाला शब्द देणं

आकड्यांवर एवढा जोर का? कारण एआय चुकीची गोष्टही ठासून सांगतं. समजा, तुमचं दुसरं गिऱ्हाईक संत्र्याचा ज्यूस पॅक करून विकतं. त्यावर आधी 12 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के झाला. एआयने जुनाच दर लावला आणि तुम्ही बिल तसंच पाठवलं, तर फोन एआयला नाही, तुम्हाला येईल. म्हणून दर कायम जीएसटीच्या सरकारी साईटवर बघा, नाहीतर सीएला विचारा.

दुसरी काळजी म्हणजे लोकांची कागदपत्रं. आधार, पासबुक यांचे फोटो एआयमध्ये टाकू नका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी 2023 चा कायदा आहे. आणि कायदा बाजूला ठेवा, वरूडसारख्या गावात एकदा विश्वास गेला की धंदा गेला.

पैसे कसे मागायचे? पानाप्रमाणे नाही, महिन्याप्रमाणे. पान दोन मिनिटांत होतं, त्याचा भाव पडतच जाणार. "तुमचा एकही मेसेज उत्तराविना राहणार नाही आणि बिलातला आकडा चुकणार नाही", या भरवशाला भाव आहे.

आता तुमचं काम. ओळखीचा एकच दुकानदार किंवा नर्सरीवाला निवडा. पंधरा दिवस फक्त त्याच्या चौकशांना उत्तरं द्या. रोज संध्याकाळी वहीत तीन आकडे लिहा: चौकशा किती आल्या, उत्तरं किती गेली, बुकिंग किती झालं. सोळाव्या दिवशी ती वही त्याच्यासमोर ठेवा आणि मगच पगाराचं बोला.