गागोद्याहून जंजिऱ्याकडे

कोकण पाहावयास निघालेला मुंबईकर सहसा वडखळला वळतो आणि थेट अलिबागची वाळू गाठतो. गागोदे बुद्रुक त्याच्या वाटेत येत नाही. तथापि या मुलखाचा प्रवास पेण तालुक्यातील या खेड्यापासूनच आरंभावा, असे आम्हांला वाटते. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे येथे जन्मले. पुढे १९५१ पासून तेरा वर्षे हा माणूस भूदान मागत देशभर पायी हिंडला. जमीन कोणाची, हा त्यांचा प्रश्न शिदोरीसारखा बांधून घेऊन आपण समुद्राकडे उतरू या.

धरमतरची खाडी ओलांडली की अलिबागचा मुलूख लागतो. पूर्वेस ही खाडी, दक्षिणेस कुंडलिकेची, पश्चिमेस अरबी समुद्र. जणू छोटे द्वीपकल्पच! ओहोटीला कान्होजी आंग्र्यांच्या कुलाबा किल्ल्यात पायी जाता येते. याच गावी १९०४ पासून चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून तिचे काम इकडे हलविण्यात आले.

चौलच्या नारळी-पोफळींतून रेवदंड्यास यावे. खाडीपल्याड कोर्लई. १७४० साली पोर्तुगीजांची सत्ता येथून उठली; पण कोर्लईच्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज व मराठी यांच्या सहवासातून घडलेली बोली आजही ऐकू येते. तट ढासळले, बोली मात्र आयांनी मुलांना दिली म्हणून टिकली. भाषा शिकविणाऱ्याला किल्ल्याहून हेच नवल मोठे वाटते.

तेथून मुरूडकडे जाताना फणसाडचे रान लागते. पावसाळ्यात ते इतके दाटते की भरदुपारी सांज व्हावी. गारंबीचे हातभर शेंगांचे वेल झाडांना वेढे घालतात. वरच्या फांद्यांवरून शेकरू झेपावते. हे जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे रान. गंमत पाहा, शिकारीसाठी राखले म्हणूनच ते कुऱ्हाडीतून वाचले! १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि १९८६ साली फणसाड अभयारण्य ठरले.

नवाबाचे रान आता सर्वांचे आहे. परंतु जे सर्वांचे, त्याची राखण करावयास पुष्कळदा कोणीच पुढे येत नाही. मराठ्यांना अखेरपर्यंत हाती न आलेला जंजिरा पाहावयास शिडाच्या होडीत बसाल, तेव्हा एकदा मागे वळून त्या हिरव्या डोंगरांकडेही पाहा. किल्ल्याला तट आहे. रानाला आपल्याखेरीज कोणी नाही.