टोचन : ओढीच्या शर्यती आणि टर्बोचा काळ

मुंबई-आग्रा रस्त्यावर, घोटीच्या आसपास, बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला साखळीने बांधून नेतात, त्याला ‘टोचन’ म्हणतात. हा शब्द इथल्या प्रत्येक फिटरच्या आणि ड्रायव्हरच्या तोंडी आहे. पंजाबात मात्र त्याला आणखी एक अर्थ आहे. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून साखळीने जोडायचे आणि कोण कोणाला फरफटत नेतो ते पाहायचे, या खेळाचे तिथले नाव टोचन. अडलेल्याला सोडवणे आणि समोरच्याला हरवणे, दोन्ही एकाच शब्दात मावतात. या शब्दाच्या मागे लागून मी ट्रॅक्टर-ओढीच्या इतिहासापर्यंत पोचलो. तो इतिहास आपल्या शेतातल्या एका जीवघेण्या सवयीबद्दल बरेच काही सांगतो, म्हणून हा लेख.

आपल्या मुलखात शर्यत म्हटली की वेग आला. पुणे जिल्ह्यातला बैलगाडा असो की विदर्भातला शंकरपट, घड्याळ महत्त्वाचे. ओढीची परंपरा दक्षिणेकडे अधिक दिसते. आंध्र-तेलंगणात ओंगोल जातीच्या बैलांकडून जड दगड ओढवून घेण्याच्या स्पर्धा होतात. ट्रॅक्टरच्या बाबतीतही आपण निराळेच. सांगली-कोल्हापूरकडे ट्रॅक्टरला ट्रॉल्या जोडून त्या उलट्या नेण्याच्या स्पर्धा भरतात. तिथे कस लागतो तो चालकाच्या हाताचा.

अमेरिकेत शेतकरी आधी घोड्यांच्या ओढीच्या पैजा लावत. ट्रॅक्टर आल्यावर घोड्यांच्या जागी तो आला. मिसुरीतील बोलिंग ग्रीन आणि ओहायोतील वॉन्सव्हिल या गावांत १९२९ साली झालेल्या स्पर्धा पहिल्या मानल्या जातात. या खेळामागे एक अविश्वासही होता. कंपन्या जाहिरातीत सांगतील तेवढी ताकद ट्रॅक्टरमध्ये नसे. नेब्रास्का राज्यात विल्मट क्रोझियर नावाचा शेतकरी फसव्या ट्रॅक्टरांना कंटाळून विधिमंडळात गेला आणि १९१९ मध्ये सरकारी चाचणी सक्तीची करणारा कायदा झाला. सरकारी चाचणी कागदावर आकडा देई. गावची ओढ तोच निकाल चारचौघांत लावी.

सुरुवातीची पद्धत साधी होती. एका घसरपाटावर वजन ठेवायचे आणि ट्रॅक्टरने ते ओढायचे. मग त्यात बदल झाला. मैदानाच्या कडेला ठरावीक अंतरावर माणसे उभी राहत आणि पाट समोर आला की एकेक जण त्यावर चढे. ट्रॅक्टर जितका पुढे, तितके ओझे जास्त. पुढे यंत्रांचा वेग वाढला आणि चालत्या पाटावर चढणे धोक्याचे झाले. तेव्हा चाकांचा पाट आला. त्यावरची वजनाची पेटी चाकांच्याच गतीने मागून पुढे सरकते, पाटाचे पुढचे टोक जमिनीत रुतत जाते आणि शेवटी ट्रॅक्टर जागीच थांबतो. ३०० फूट पार केले की पूर्ण ओढ. १९६९ मध्ये अनेक राज्यांच्या प्रतिनिधींनी राष्ट्रीय संघटना स्थापून नियम एकसारखे केले.

या खेळाचे रूप पालटले ते टर्बोचार्जरने. डिझेल इंजिनाची ताकद सिलिंडरमध्ये किती डिझेल जळते यावर ठरते आणि डिझेल जळायला हवा लागते. साधे इंजिन स्वतःच्या श्वासापुरतीच हवा घेते. टर्बोचे काम लोहाराच्या भात्यासारखे आहे, फक्त हा भाता हलवायला माणूस लागत नाही. धुराड्यातून वाया जाणारा तापलेला धूर एक लहान चाक फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेले चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूची याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. जहाजे आणि रेल्वे इंजिने ती वापरू लागली, तरी शेतापर्यंत यायला तिला अर्धे शतक लागले.

अ‍ॅलिस-चामर्स कंपनीचा डी-१९ हा १९६१ मधला ट्रॅक्टर कारखान्यातूनच टर्बो लावून आलेला पहिला शेती ट्रॅक्टर समजला जातो. १९६५ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरने १२०६ हा शंभर अश्वशक्तीपुढचा टर्बो ट्रॅक्टर काढला. जुने टायर त्या ताकदीला पुरेनात, म्हणून त्याच्यासाठी नवे टायर तयार करावे लागले. १९६९ मध्ये जॉन डिअरचा ४५२० आला. दुकानात वेगळे टर्बोसंचही मिळू लागले. हौशी शेतकरी रात्री गोठ्याशेजारच्या शेडमध्ये डिझेलपंपाचा स्क्रू पिळत आणि रविवारी मैदानात उतरत. त्या ट्रॅक्टरांची ओळख आजही जुने लोक दोन खुणांनी सांगतात. आधी काळ्या धुराचा लोट, कारण डिझेल आले पण हवा अजून आली नाही. मग टर्बोला गती येताच धूर विरळ होतो आणि तीक्ष्ण शीळ ऐकू येते.

त्याच १९६५ साली आपल्याकडे काय चालले होते? महिंद्र, व्होल्टास आणि हीच इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी १९६३ मध्ये स्थापलेल्या कंपनीने बी-२७५ हा ट्रॅक्टर बाजारात आणला. सुमारे ३५ अश्वशक्ती, टर्बो नाही. एकाच कंपनीच्या दोन वंशशाखा. तिकडची मैदानात गाजली, इकडची नांगराला, मळणीला आणि वरातीलाही जुंपली गेली. आमच्या इगतपुरी तालुक्यात महिंद्रचा इंजिनांचा कारखाना आहे, त्यामुळे इंजिनाच्या गप्पा इथे घरोघरी होतात. त्या गप्पांत अश्वशक्तीचा आकडाच वरचढ असतो. ओढ मात्र अश्वशक्तीवर संपत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे.

ट्रॅक्टर ओढतो तो मागच्या चाकांवरच्या वजनाच्या जोरावर. ओढताना पुढच्या चाकांवरचे वजन मागे सरकते. किती सरकते, हे साखळी किती उंचीवर बांधली यावर ठरते. समजा, ट्रॅक्टर २००० किलोचा, त्यातले ७०० किलो पुढच्या चाकांवर, दोन्ही चाकांतले अंतर २ मीटर आणि ओढ १५०० किलोची. साखळी जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर असेल तर ३०० किलो मागे जातात, पुढे ४०० उरतात. तीच साखळी १ मीटर उंचीवर बांधली तर ७५० किलो मागे जायला हवेत. पुढे आहेतच ७००. म्हणजे तोंड उचललेच. टर्बोवाल्यांना हे लवकर उमगले. म्हणून नियमाने जोडाची उंची साधारण २० इंचांपर्यंत मर्यादित झाली, तोंडावर लोखंडी वजने आली, मागे उलटू न देणारे दांडे आले. चालकाला काही झाले किंवा साखळी तुटली तर इंजिन आपोआप बंद करणारी दोरीही आली.

आता घोटीच्या भातखाचरात या. आषाढात चिखलणी चालू असते, ट्रॅक्टर रुततो. दुसरा ट्रॅक्टर येतो, टोचन लागते. घाईत साखळी खालच्या ड्रॉबारऐवजी वर, जिथे हात पोचेल तिथे अडकवली जाते. कधी रुतलेल्याच ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाखाली ओंडका घालून क्लच सोडतात. चाक फिरू शकले नाही की इंजिनाचा जोर अख्ख्या ट्रॅक्टरला मागच्या आसाभोवती फिरवतो. तो उलटायला साधारण दीड सेकंद लागतो आणि क्लच दाबायची वेळ त्याच्या निम्म्यातच टळलेली असते. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर चालकाच्या संरक्षणाची चौकट सक्तीची केली, तेव्हा उलटून होणारे मृत्यू झपाट्याने घटले. पंजाबात ऑक्टोबर २०२३ मध्ये ट्रॅक्टरच्या कसरतीत एका तरुणाचा जीव गेल्यावर सरकारने अशा कसरतींवर बंदी घातली. शेतातल्या टोचनावर मात्र बंदी घालता येणार नाही, ते गरजेचे आहे. म्हणून ते नीट करणे शिकावे लागेल.

आमच्याकडचा डांगी बैल रुतलेली गाडी काढताना गुडघे टेकतो, मान खाली घालतो, अंग जमिनीजवळ आणतो. भार वाढला की खाली जायचे, हे त्याला कोणी शिकवलेले नाही. ट्रॅक्टर भार वाढला की तोंड वर करतो. बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला तेव्हा ही समज यंत्राबरोबर आली नाही, ती चालकाने आणायची आहे. साखळी ड्रॉबारलाच, आसाच्या खाली. क्लच हळू. साखळीच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही. आणि रुतलेला ट्रॅक्टर पुढे निघत नसेल तर ओंडका न घालता मागे घेऊन पाहायचे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी परमुलखातल्या हौशी शेतकऱ्यांनी मैदानात मोडतोड करून मिळवलेले हे ज्ञान आहे. पुढच्या चिखलणीआधी ते आपल्या खाचरापर्यंत पोचायला हवे.