ओकोंक्वोचे बळ आणि भय
नायजेरियाचे चिनुआ अचेबे यांच्या १९५८ च्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' कादंबरीचा नायक ओकोंक्वो. बाप उनोका बासरीत रमलेला, कर्जबाजारी. वारसा काहीच नाही. पोराने कोनफळासारख्या याम कंदाचे बियाणे वाट्याने घेतले, घाम गाळून कोठार भरले. या कष्टापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण आपण बापासारखे दुबळे ठरू, ही भीती त्याच्या मानगुटीवर बसली. दुसऱ्या गावाने भरपाई म्हणून दिलेला पोरगा इकेमेफुना तीन वर्षे घरी राहिला, त्याला बाप म्हणू लागला. देवतेच्या कौलाने त्याचा बळी ठरला. यात हात घालू नकोस, असे गावच्या म्हाताऱ्याने बजावूनही ओकोंक्वोनेच कोयता चालवला. दोष गोऱ्यांवर ढकलता येत नाही. ते तेव्हा गावात आलेही नव्हते! ते आल्यावर थोरला मुलगा न्वोये मिशनऱ्यांकडे गेला, आणि ओकोंक्वोला बाप म्हणेना.